बेंजोला पिकअप, हाताला ऑक्टापॅड आणि दोघांच्या मागे जनरेटर

बँडमध्ये तंत्रज्ञान आलं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर लॅपटॉप उभा राहतो. मुंबईच्या बेंजो पार्टीत, म्हणजे मिरवणुकीत टेम्पोवरून वाजणाऱ्या बँडमध्ये, लॅपटॉप बहुधा दिसतच नाही, आणि तरीही गेल्या तीस-चाळीस वर्षांत तिच्याइतका आतून बदललेला बँड दुसरा सापडणं कठीण. फक्त हा बदल निवडून घेतलेला आहे. जे हातानं वाजतं ते आत आलं आणि जे बटण दाबल्यावर आपोआप चालतं ते बाहेर राहिलं. मिरवणूक सरळ रेषेत चालत नाही, हे त्याचं कारण. चौकात मंडळ थांबतं, पोरं नाचायला लागतात, एकच ओळ आठ वेळा वाजवावी लागते, मग पुढून कुणीतरी हात करतो आणि गाणं मध्येच तोडून गाडी हलते. ठरलेल्या लयीत ठरलेली मिनिटं धावणारा ट्रॅक इथे पहिल्याच चौकात उघडा पडतो. स्टेजवरच्या ऑर्केस्ट्राचं तसं नाही. तिथे मायनस ट्रॅक (गायकाविना आधीच रेकॉर्ड केलेली साथ), ड्रमरच्या कानात लय मोजणारी क्लिक, सगळं चालतं, कारण गाणं कधी संपणार हे आधीच ठरलेलं असतं.

आधी वाद्याबद्दल. आपण ज्याला बेंजो म्हणतो त्याचं अमेरिकन बँजोशी नातं फक्त नावाचं. हा बुलबुलतरंग, आणि त्याचा पूर्वज जपानी. नागोया शहरात १९१२ साली गोरो मोरिता यांनी ताइशोगोतो बनवलं, टाइपरायटरसारखी बटणं लावलेलं तंतुवाद्य. जपानमध्ये ताइशो कालखंड त्याच वर्षी सुरू झाला, म्हणून ते नाव. डाव्या हातानं बटण दाबायचं, बटणाखालची पट्टी तारांना पडद्यावर टेकवते आणि उजव्या हातातल्या नखीनं तार छेडायची. गिटारसारखी बोटं सोलवटत नाहीत आणि पेटी येणाऱ्याला बटणांची रांग लगेच ओळखीची वाटते. पण मुळात हा घरात वाजवायचा प्रकार. चार फुटांवर ताशा सुरू झाला की वाजवणाऱ्यालाही तो ऐकू यायचा नाही. त्याला रस्त्यावर आणलं ते पिकअपनं, म्हणजे वाद्याची थरथर विजेत बदलून अॅम्प्लिफायरकडे पाठवणाऱ्या भागानं.

पिकअपचे दोन मार्ग आहेत. स्वस्त मार्ग म्हणजे पिझो चकती, दारावरच्या बझरमध्ये असते तीच, साधारण २७ मिलिमीटर व्यासाची पितळी. लॅमिंग्टन रोडला सुट्ट्या भागांच्या दुकानात सहज मिळते. बेंजोच्या पेटीच्या आतून घोडीखाली (तारा ज्यावर टेकतात ती पट्टी) चिकटवायची, दोन वायरी काढायच्या, झालं. अडचण अशी की पिझो लाकडाची थरथर पकडतो. त्याला तार आणि बटण यांतला फरक कळत नाही. बटणाची खटखट, पेटीवर टेकलेलं मनगट, शेजारच्या स्पीकरचा धक्का, सगळं तो तितक्याच इमानदारीनं पुढे पाठवतो. घरात हे चालून जातं, टेम्पोवर मात्र त्याची शिट्टी आवरता आवरत नाही.

दुसरा मार्ग गिटारसारखा चुंबकी पिकअप. चुंबकाभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे काही हजार वेढे असतात, साध्या एका कॉइलच्या गिटार पिकअपमध्ये साधारण आठ हजारांच्या आसपास. वरची पोलादी तार हलली की कॉइलमध्ये वीज निर्माण होते. लाकूड काय करतंय याच्याशी त्याला घेणंदेणं नाही, म्हणून खटखट फार येत नाही. तार मात्र पोलादाचीच हवी. नुसती पितळी तार इथे मुकी राहते. पोलादाच्या गाभ्यावर पितळ गुंडाळलेली चालते. पिकअप तारांच्या खाली दोन-तीन मिलिमीटरवर ठेवायचा. आवाज वाढेल म्हणून त्याहून जवळ सरकवला की चुंबकच तारेला ओढायला लागतो, आणि स्वर सरळ न राहता लहरत राहतो. मग वादक खुंट्या पिळत बसतो, आणि दोष खुंट्यांचा नसतोच. घोडीजवळ बसवला तर आवाज तीक्ष्ण, मधल्या बाजूला नेला तर गोल. बेंजोला घोडीजवळचाच शोभतो. ढोलांच्या गदारोळातून वर यायचं तर धार लागते.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. पिकअपची वायर थेट मिक्सरच्या लाइन इनपुटला खुपसली जाते आणि मग 'बेंजो दबका वाजतोय' म्हणून ट्रेबलचं बटण टोकापर्यंत फिरवलं जातं. चुंबकी पिकअपला समोर ५०० किलोओहम ते १ मेगाओहम अवरोध लागतो, मिक्सरच्या लाइन इनपुटला असतो साधारण १० किलोओहम. तारेचा वरचा सगळा चकचकीतपणा तिथेच मरतो. मेलेला आवाज ट्रेबल वाढवून परत येत नाही, येते ती फक्त सळसळ. मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे पिकअपला मिक्सरशी जुळवून देणारी डबी, टाका. नसेल तर गिटारची कुठलीही साधी बफर असलेली पेडल चालते. आणि पिकअपपासून डीआयपर्यंतची वायर पाच-सहा मीटरच्या आत ठेवा, कारण लांब वायरची धारिताही वरचे स्वर खाते. डीआयच्या पुढे तीन पिनांची बॅलन्स्ड वायर हवी तेवढी लांब न्या.

एका कॉइलच्या पिकअपला गुणगुण असते हे सगळ्यांना माहीत असतं. जनरेटरवर ती गुणगुण सुद्धा बेसूर होते, हे लक्षात येत नाही. सरकारी विजेची गुणगुण ५० हर्ट्झला ठाम बसलेली असते. छोट्या जनरेटरवर भार पडला की इंजिन मंदावतं, भार हटला की पळतं, आणि त्याबरोबर गुणगुण खाली-वर होते. ढोलाच्या ठोक्यागणिक मागे कुणीतरी उसासे टाकतंय असं वाटतं. इलाज दोन. एक म्हणजे दोन उलट्या कॉइलचा, गुणगुण मारणारा हंबकर पिकअप. दुसरा फुकटचा: बेंजोचं तोंड फिरवून बघणं. अॅम्प्लिफायरच्या ट्रान्सफॉर्मरपासून दोन-तीन फूट लांब आणि काटकोनात बसलं की निम्मी कटकट जाते.

सुरात लावण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण कीबोर्ड आल्यापासून बेंजोवाल्याचं खरं दुखणं हेच आहे. बटण दाबताना तार पडद्यापर्यंत खाली येते, म्हणजे ताणली जाते, म्हणजे स्वर थोडा चढतो. तार पडद्यांपासून जितकी उंच तितका जास्त. म्हणून उघडी तार ट्यूनरवर अचूक लावूनही गाणं सुरात येत नाही. तपासायची रीत अशी: उघडी तार छेडा, मग बारावं बटण दाबून तीच तार छेडा. दुसरा स्वर बरोबर वरच्या सप्तकातला यायला हवा. चढा येत असेल तर घोडी आधी थोडी खाली करा, इतकीच की बटण सुटल्यावर तार पुढच्या पडद्याला लागून झिणझिणणार नाही. तरीही चढा असेल तर घोडी पडद्यांपासून केसभर दूर सरकवा. एका स्वरात लावलेल्या दोन-तीन तारा वेगवेगळ्या जाडीच्या असतील तर त्या प्रत्येक बटणाला वेगवेगळ्या चढतात, आणि मग कुठलीच घोडी उपयोगाची नाही. एकाच जाडीच्या, शक्यतो एकाच पाकिटातल्या तारा घाला. गिटारची पहिली तार, ०.०१० इंचाची, यासाठी बरी पडते.

हे सगळं सावलीत. दुपारी दोनच्या उन्हात टेम्पो उभा राहिला की पोलाद प्रसरण पावतं, ताण कमी होतो आणि बेंजो उतरतो. पूर्वी सोबत फक्त चामड्याची वाद्यं असायची, कुणाला पत्ता लागायचा नाही. आता शेजारी कीबोर्ड आहे आणि तो ४४० हर्ट्झवर दगडासारखा बसलेला. बेंजो ४३८ वर घसरला तर दोघांच्या एकत्र स्वरात सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. भर मिरवणुकीत सगळ्या तारा पिळण्यापेक्षा कीबोर्डचं मास्टर ट्यूनिंग दोन हर्ट्झ खाली आणणं सोपं. दहा सेकंदांचं काम आहे, आणि तरी बहुतेक कीबोर्डवाल्यांना तो मेनू कुठे आहे ते ठाऊक नसतं. त्यांचा जीव ट्रान्सपोजमध्ये, म्हणजे पट्टी बदलणाऱ्या बटणात. काळी एकचं गाणं पांढरी चारवर नेणं म्हणजे त्यांना एक बटण, बेंजोवाल्याला मात्र सगळी बोटं नव्यानं लावायची. म्हणून पट्टी बेंजोवाल्यानं सांगावी आणि 'कॅसिओ'नं ऐकावं. कीबोर्ड यामाहाचा असो की रोलँडचा, नाव कॅसिओच.

आता ऑक्टापॅड. रोलँडनं १९८५ साली काढलेल्या पहिल्या ऑक्टापॅडमध्ये, म्हणजे पॅड-८ मध्ये, स्वतःचा एकही आवाज नव्हता. आठ रबरी पॅड, आणि ठोका पडला की १९८३ सालच्या मिडी या वाद्यांच्या आपसातल्या भाषेत फक्त निरोप: अमुक पॅड, इतक्या जोरात. जोर ० ते १२७ या आकड्यांत. आवाज काढणारं यंत्र वेगळं. आपल्याकडे घराघरांत पोचला तो पुढचा एसपीडी-२०, आठ पॅड, आत भरलेले ७०० आवाज आणि ९९ पॅच, म्हणजे कुठल्या पॅडला कुठला आवाज याची मांडणी. नवीन आवाज त्यात भरता येत नाहीत. आहे त्याचा स्वर खाली-वर करायचा, लांबी तोडायची आणि त्यातून हलगी, संबळ, घुंगरू असं काहीतरी घडवायचं. या मर्यादेतून पॅच बनवणाऱ्यांची एक जमातच तयार झाली. पॅचचे आकडे वहीत लिहून घेण्याचे दिवस गेले, आता फायली फिरतात. त्यानंतरच्या एसपीडी-एसएक्समध्ये नऊ पॅड, आणि यूएसबीवरून स्वतः रेकॉर्ड केलेले आवाज भरता येतात.

ऑक्टापॅड बेंजो पार्टीत रुजला त्यात पावसाचा मोठा वाटा आहे, असं माझं मत. गणपती येतो भाद्रपदात. हवेतली ओल चामडं पितं आणि पान ढिलं पडतं. हलगी शेकोटीवर धरता येते, चालत्या टेम्पोवर ढोलकीची शाई कुठे शेकणार? ढोलांना प्लास्टिकचं पान आलं तेही याच कारणानं. रबराला ओलीचं सुतक नाही.

स्वतःची ढोलकी भरायची असेल तर काही गोष्टी पाळाव्या लागतात. कोरड्या दिवसात, पान चढं असताना, शाईची बाजू आणि धुमाची, म्हणजे खर्जाची, बाजू वेगवेगळ्या माइकवर घ्या. प्रत्येक बोल हलका, मध्यम, जोरकस असा तीनदा. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झची वेव्ह फाइल. मग सुरुवातीची शांतता काटेकोर छाटायची. ४४१ नमुने शिल्लक राहिले तर पॅड १० मिलिसेकंद उशिरा बोलतो. आकडा क्षुल्लक दिसतो, पण वाजवणाऱ्याला हात चिखलात पडल्यासारखा वाटतो आणि नेमकं काय चुकतंय ते सांगता येत नाही. घुमारा मात्र पॅडवर पूर्ण येत नाही. धुमाच्या बाजूला तळहात दाबत नेऊन जो स्वर वर चढवला जातो, तो दर वेळी वेगळा असतो. पॅडवर तो दर वेळी तोच. सलग चार घुमारे वाजवले की कान लगेच ओळखतो. त्यावरचा बरा उपाय म्हणजे दोन-तीन वेगळे घुमारे भरून ते शेजारच्या पॅडांवर ठेवणं आणि आलटून-पालटून मारणं. चांगले पार्टीवाले शहाणपण करतात: ढोलकी खरी ठेवतात आणि पॅडवर हलगी, टाळ्या, झांज नि शिट्ट्या देतात.

टेम्पोवर ऑक्टापॅडचा खास रोग म्हणजे भुताटकी. कुणी हात लावलेला नसताना पॅड वाजतो. खालचा बास स्पीकर फळी हलवतो, फळी स्टँड हलवते आणि पॅडखालच्या सेन्सरला तो ठोका वाटतो. लोक सरळ थ्रेशोल्ड, म्हणजे किती जोराचा ठोका धरायचा ती मर्यादा, वाढवतात. भूत जातं, पण त्याबरोबर हलके बोलही जातात, मग वादक प्रत्येक ठोका जोरात मारायला लागतो आणि दोन तासांत मनगट धरतं. आधी स्टँड स्पीकरच्या खोक्यापासून सोडवा. पायांखाली दोन इंचांचा घट्ट फोम द्या, तो पट्ट्यानं बांधा. उरलेल्यासाठी थ्रेशोल्ड एकेक पायरीनं वाढवा. एक पॅड मारल्यावर शेजारचा बोलत असेल तर तो क्रॉसटॉक, त्याची सेटिंग वेगळी. एका ठोक्याला दोन आवाज येत असतील तर काडी उसळून परत लागतेय, त्याला रीट्रिगर कॅन्सल. तिन्ही रोग सारखे दिसतात, औषधं वेगळी.

अॅडॅप्टर हरवला की बाजारातून कुठलाही ९ व्होल्टचा आणून लावतात. रोलँडच्या बहुतेक यंत्रांना मधलं टोक निगेटिव्ह लागतं, बाजारातल्या साध्या अॅडॅप्टरला ते बहुधा पॉझिटिव्ह असतं. यंत्रामागे गोल खूण छापलेली असते, ती बघा आणि अँपिअरही जुळवा. नशीब चांगलं असेल तर यंत्र फक्त सुरू होत नाही.

जनरेटरचं गणित पार्टीच्या मालकाला तोंडपाठ हवं. ५ केव्हीएचा जनरेटर म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरनं ४ किलोवॉट, ३ केव्हीएचा २.४. अॅम्प्लिफायरवर एकूण ४००० वॉट लिहिलेलं असलं तरी तो सतत तेवढे ओढत नाही. संगीताची सरासरी खूप कमी असते, दीड-दोन किलोवॉट धरा. पण सगळे ढोल आणि बास एकाच ठोक्यावर आले की क्षणभर खेच वाढते, व्होल्टेज बसतं, आणि कीबोर्ड रीसेट होऊन पियानोच्या आवाजात परत उठतो. वरातीत हा प्रकार फार विनोदी दिसतो, वाजवणाऱ्याला सोडून. त्यासाठी कीबोर्ड आणि ऑक्टापॅड जनरेटरवर ठेवूच नयेत. १२ व्होल्टची बॅटरी आणि शुद्ध साइन वेव्हचा छोटा इन्व्हर्टर पुरतो. दोघांची भूक किरकोळ असते. स्वस्तातला चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर घेतलात तर त्याची भुणभुण थेट बेंजोच्या पिकअपमध्ये उतरते.

पावसात, ओल्या टेम्पोत, माणसाला झटका बसू नये यासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की पडणारा स्विच, बोर्डावर असतो. बरेच छोटे जनरेटर असे येतात की त्यांचा न्यूट्रल बॉडीला जोडलेला नसतो. अशा जनरेटरवर आरसीसीबी लावला तरी गळती झाल्यावर तो पडेलच असं नाही. टेस्टचं बटण दाबल्यावर पडतो म्हणून खात्री धरू नका, ते बटण वेगळी वाट वापरतं. ही जोडणी जाणकार वायरमनकडूनच करून घ्यायची. बेंजोच्या तारा धातूच्या, त्या वायरमार्गे अॅम्प्लिफायरच्या बॉडीला जोडलेल्या, आणि वाजवणाऱ्याचे हात घामानं ओले.

आवाज बाहेर काढायला अजूनही पुष्कळ ठिकाणी भोंगे आहेत, आणि ते जुनाट म्हणून हसण्यासारखं नाही. भोंगा साधारण ३०० हर्ट्झच्या खाली फारसं काही देत नाही, पण बेंजोची धार तो दूरवर फेकतो. पार्टीचा तो चिरका, ओळखीचा बाज निम्मा भोंग्याचाच आहे. त्याच भोंग्यात ऑक्टापॅडचा बास सोडला की युनिटचा पडदा फाटतो. भोंग्याच्या वाटेवर ३०० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचा आवाज गाळणारा फिल्टर) लावा, बासला वेगळा खोका द्या. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम, चार जोडले की २ ओहम, आणि अॅम्प्लिफायरवर किमान ४ लिहिलेलं असेल तर तो तापून बंद पडतो. रात्री दहानंतर मात्र सगळंच बंद, ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे. राज्यानं जाहीर केलेल्या मोजक्या दिवसांना तेवढी बारापर्यंत सूट.

आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर. टेम्पोच्या २० मीटर पुढे चालणाऱ्या ताशेवाल्याला बेंजो जवळजवळ ६० मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो. मिनिटाला १५० ठोक्यांच्या लयीत एका ठोक्याचा चौथा भाग १०० मिलिसेकंदांचा, म्हणजे हा उशीर त्या भागाच्या निम्म्याहून जास्त. ताशेवाला स्पीकरला धरून वाजवतो, त्याचा ताशा तितकाच वेळ घेऊन परत मागे येतो, टेम्पोवरचे त्याला धरायला बघतात, आणि लय हळूहळू रेंगाळत जाते. मग एकमेकांकडे डोळे वटारणं सुरू. ब्लूटूथ स्पीकर पुढे नेऊन हे सुटत नाही, त्याचा स्वतःचा उशीर याहून मोठा. २.४ गिगाहर्ट्झचा वायरलेस पॅकही ऐन गर्दीत तुटतो. खिशाखिशात फोन आणि मध्ये माणसांची भिंत. एक तर ताशे टेम्पोच्या पाच मीटरच्या आत घ्या, नाहीतर लय ताशाकडे द्या आणि बेंजोवाल्यानं कानानं नाही तर ताशाच्या काड्यांच्या हालचालीकडे बघून वाजवावं. जुने वादक हेच करतात.

शेवटचा शत्रू गुलाल. बटणांच्या दांड्यांत तो शिरतो, घामाची नि पावसाची ओल मिळाली की त्याची लापशी होते आणि बटण दाबल्यावर वर येत नाही. विसर्जनाच्या रात्री ओल्या फडक्यानं पुसायचा मोह होतो, तो टाळा. आधी कोरडा, मऊ ब्रश. सगळं सुकल्यावर बटणं काढून दांड्या आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा. तेल अजिबात नाही, पुढच्या वर्षीचा गुलाल त्यालाच चिकटतो. पिन आणि सॉकेटमध्ये आधी फुंकणीनं हवा मारा, मग काँटॅक्ट क्लीनर फवारून पिन दहा वेळा आत-बाहेर करा. तारा अर्ध्या सैल सोडा, पेटी दोन दिवस पंख्याखाली उघडी ठेवा आणि मगच झाकण लावा.